सोयरीक आणि सिंहासन

बालाघाट म्हटले की लोकांना मलाजखंडचे तांबे आठवते. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र दुसरेच तांबे आठवते. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचे ताम्रपट आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखले जातात. कीलहॉर्न या जर्मन पंडिताने ते वाचले आणि पुढे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखसंग्रहात (1963) त्यांची पुन्हा चिकित्सा केली. पृथिवीषेणाचा बाप नरेंद्रसेन कसा राजा होता, हे आपल्याला मुख्यतः या पत्र्यांमुळेच कळते.

काळ पाचव्या शतकाचा. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. या घराण्यात सोयरिकीचे महत्त्व आधीच मुरलेले होते. नरेंद्रसेनाची आजी प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा लवकर गेला, मुले लहान, म्हणून राज्याचा गाडा तिनेच ओढला. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ सासरची नाही, माहेरच्या गुप्तांची आहे! सासरी राज्य करायचे आणि नाव माहेरचे मिरवायचे, हा मान त्या काळी किती सुनांना मिळाला असेल?

नरेंद्रसेनासाठी मात्र सून दक्षिणेतून आली. कुंतल देशच्या, म्हणजे कर्नाटकाकडच्या, राजाची ही कन्या. तिचे नाव अज्झितभट्टारिका. उत्तरेचे व्याही झाले, आता दक्षिणेचे. मधल्या मुलखात राज्य असले की दोन्ही दारांना कडी लावावी लागते.

त्याच सुमारास दूर कोरियात कोगुर्यो राज्याचा जांगसू (इ.स. 413 ते 491) हेच कोडे वेगळ्या रीतीने सोडवीत होता. चीनचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे झाले होते. हा दोन्ही दरबारांत वकील धाडत असे आणि कोणालाच तोडत नसे.

आपल्या ताम्रपटात असेही लिहिले आहे की कोसल, मेकल आणि माळव्याचे राजे नरेंद्रसेनाची आज्ञा शिरोधार्य मानीत. कोसल म्हणजे छत्तीसगड, मेकल म्हणजे अमरकंटकचा डोंगराळ मुलूख. बालाघाटचा माणूस नकाशा डोळ्यांसमोर आणील तर दिसेल की हे दोन्ही शेजार आपल्या उंबऱ्याशीच आहेत. पण मुलाने बापाची थोरवी लिहिली आहे, तेव्हा थोडे पारखूनच घ्यावे. घराण्याची लक्ष्मी नरेंद्रसेनाने खेचून आणली अशा अर्थाचे शब्दही त्यात आहेत. त्यावरून काही अभ्यासक भाऊबंदकीचा तर्क करतात.

खरी मेख पुढे आहे. पृथिवीषेण स्वतःबद्दल सांगतो की बुडालेला वंश आपण वर काढला. म्हणजे मधे वंश बुडाला होता, ही कबुलीच झाली! कोणी बुडवला, ते तो लिहीत नाही. उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या ताम्रपटात सापडते. नल राजा भवदत्तवर्मन् याने ते दान खुद्द नंदिवर्धनहून दिले आहे. शत्रू राजधानीत बसून दानपत्रे काढीत होता. आणि गंमत पाहा, नलांचीही हीच गत झाली. आजच्या ओडिशातील पोडागढच्या शिलालेखात स्कंदवर्मन् म्हणतो की गेलेले राज्यवैभव परत आणून आपण ओसाड पुष्करी नगरी पुन्हा वसवली. ती ओसाड करणारे वाकाटकच असावेत, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते.

या धामधुमीत कुंतलच्या व्याह्यांनी मदत पाठवली की नाही, याबद्दल पत्र्यांत अवाक्षर नाही. राणीचे नाव मात्र जपलेले आहे, तेही राजाची आई म्हणून.

आणि बालाघाटचा हा लेख अपुरा आहे. पणजोबा, आजोबा, बाप अशी वंशावळ ऐटीत उतरत येते, पृथिवीषेणापाशी पोचते, आणि दान कोणते, गाव कोणते, घेणारा कोण, हे सांगायची वेळ येते तिथे मजकूर थांबतो.