यंत्र हातात, माहिती कपाटात!

कामगार बंधूंनो,

म्हैसूरचे अशोकपुरम रेल्वे वर्कशॉप १९२४ चे. अशा प्रत्येक वर्कशॉपमध्ये, आपल्या माटुंग्यातही, कामगाराचे हात फिरत्या यंत्रापाशी असतात. म्हणून हा सवाल सर्वांचा आहे.

स्ट्रोबोस्कोप म्हणजे चाकाला हात न लावता वेग मोजणारा लुकलुकता दिवा. शाफ्टवर खडूची एक खूण करा. फ्लॅशचे बटण वरच्या टोकाला न्या आणि हळूहळू खाली आणा. एकच खूण पहिल्यांदा स्थिर दिसेल, तो खरा वेग. खालून सुरुवात केली तर फसाल. मिनिटाला १५०० फेऱ्यांचा शाफ्ट ७५० फ्लॅशलाही स्थिरच दिसतो! खात्रीसाठी फ्लॅश दुप्पट करा. समोरासमोर दोन खुणा दिसल्या पाहिजेत.

आणि लक्षात ठेवा, चाक थांबलेले दिसते, थांबलेले नसते. हात घातला की बोटे गेली!

एवढे शिकवायला किती वेळ लागतो? पण साहेबांकडे खरेदीला पैसा असतो, शिकवायला वेळ नसतो. इंग्रजी पुस्तिका कपाटात आणि अपघात झाला की शेरा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. हा कुठला न्याय?

१९८७ साली कारखाने कायद्यात कलम १११-अ आले. सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क ठरला. कायद्यांची नावे बदलोत, हा हक्क आम्ही सोडणार नाही. टपालातील बंधूंनो, तुमच्या मशीनलाही हेच लागू.

मागणी एकच: आधी शिकवण, मग यंत्र. तीही कामगाराच्या भाषेत. म्हैसुरात कन्नड, महाराष्ट्रात मराठी!

कामगार एकजुटीचा विजय असो!