शंभराची अट

मुले मोबाईलला चिकटली, मैदाने ओस पडली, अशी हाकाटी सध्या सर्वत्र चालू आहे. मुलांच्या आळसाला आणि आईबापांच्या लाडाला दोष देऊन मोकळे होण्याची ही मध्यमवर्गीय रीत आहे. गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यातून या प्रश्नाकडे पाहिले, तर त्याचे मूळ घरापेक्षा सरकारी धोरणात अधिक आहे, हे ध्यानी येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 146 देशांतील शाळकरी मुलांविषयीचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध केला. 11 ते 17 वयाची 81 टक्के मुले दिवसाकाठी तासभराचाही पुरेसा व्यायाम करीत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. भारताचे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने किंचित बरे. असे का? तर मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुलींना घरकाम पडते, हा संशोधकांनी सुचविलेला संभाव्य खुलासा! डोक्यावर हंडा नि गवताचा भारा वाहणारी मुलगी अशा रीतीने ‘सक्रिय’ ठरते. आकडा खोटा नसेल. परंतु त्यावर समाधान मानणे ही शुद्ध फसवणूक होय. श्रम आणि विरंगुळा यांतला भेद अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. शिवाय जी शाळेतच नाही, ती या मोजणीत येतच नाही.

आता कायदा पाहू. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण सांगितले आहे. मात्र शारीरिक शिक्षणाचा निदेशक, तोही अंशकालीन, सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच! पहिली ते पाचवीला तर तोही नाही. वाड्यावस्त्यांत विखुरलेल्या तालुक्यात शंभराचा पट किती शाळांनी गाठावा? त्यात येथला पाऊस असा, की चार महिने उघडे मैदान असून नसल्यासारखे. छप्पर असलेली जागा परिशिष्टात कोठेच नाही. सपाटीवरच्या माणसाने लिहिलेला कायदा, दुसरे काय!

एवढ्याने भागले नाही. 2023 साली राज्य शासनाने वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा घाट घातला. वस्तीवरचे मूल गाडीत बसवून दूरच्या शाळेत न्यायचे; म्हणजे पायी शाळेला जाण्याची चालही गेली आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात रेंगाळणेही गेले.

याच जिल्ह्यात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि खासबागेचे कुस्ती मैदानही उभारले. शिक्षण आणि शरीर या दोहोंवरचा खर्च त्यांनी राज्याचे कर्तव्य मानला. शेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकून आला, तोही शासनाच्याच क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला. सार्वजनिक पैसा लावला की खेड्यातले पोर कोठवर जाते, याचा हा रोकडा पुरावा.

कार्यकर्त्यांनी मुलांना उपदेश करण्याच्या भानगडीत पडू नये. गावोगावच्या शाळांत मैदान आहे का, पावसाळ्यात खेळायला छप्पर आहे का, मुली सायंकाळी खेळतात की पाणी भरतात, याची नोंद करावी आणि ती ग्रामसभेत व जिल्हा परिषदेपुढे मांडावी. डोंगरी तालुक्यांसाठी शंभराची अट रद्द करून चार-पाच शाळांमागे एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नेमा, ही आपली पहिली मागणी असावी.