साठीनंतरची पदकं : पोहणं आपल्याला येतं, तलावाची वेळ जुळत नाही

नवागाम (सुरत) : सुरतच्या बकुलाबेन पटेल यांचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. साठीच्या उंबरठ्यावर पोहायला शिकल्या अन् ऐंशीच्या घरात पोचल्यावरही स्पर्धेत उतरून पदकं आणत राहिल्या. अशी बातमी आली की आपण "कमाल आहे राव" म्हणतो, पुढे पाठवतो अन् विसरतो. पण ही कमाल एकाच बाईची आहे, की वेळ अन् पाणी मिळालं तर नवागाम-डिंडोलीतल्या आजी-आजोबांनाही जमेल?

आधी स्पर्धा समजून घेऊ. मास्टर्स जलतरण पंचविशीपासून सुरू होतं. पाच-पाच वर्षांचे गट असतात, 60 ते 64, 65 ते 69 असे. म्हणजे बासष्ट वर्षांच्या माणसाची लढत विशीतल्या पोराशी नसते, आपल्याच वयाच्या माणसाशी असते. उंच ठोकळ्यावरून सूर मारायची सक्ती नाही, पाण्यात भिंत धरून सुरुवात केली तरी चालते. रिलेत तर चौघांच्या वयाची बेरीज करतात. 58, 60, 62 अन् 65 मिळून 245, म्हणजे गट 240 ते 279. बाकी सगळीकडे वय खर्चाच्या बाजूला पडतं, इथे ते जमेत धरतात.

पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा 1986 साली टोकियोत झाली. त्याच जपानच्या मिएको नागाओका ऐंशी ओलांडल्यावर, गुडघ्याच्या दुखण्यामुळे पाण्यात उतरल्या. 2015 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी 1500 मीटर अंतर सव्वा तासाच्या आसपास पूर्ण केलं. छातीभर पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणीच उचलतं, म्हणून दुखऱ्या गुडघ्यालाही हा व्यायाम झेपतो. आपल्याकडे मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या समुद्र जलतरण स्पर्धेतही पोरांच्या बरोबरीने ज्येष्ठांचे गट असतात.

आता आपल्या वस्तीकडे या. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहतात. त्यातल्या जुन्या पिढीतले कितीतरी जण पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकले. गिरणा, पांझरा, तापीच्या डोहात मुटके मारले. नंतर ताप्ती लाईनच्या गाडीत बसून सुरतला आले, लूमवर लागले अन् पोहणं गावीच राहिलं.

कारण साधं आहे. लूमची पाळी बारा तासांची. सकाळची बॅच धरावी तर दिवसपाळीवाला कारखान्याच्या वाटेवर असतो अन् रातपाळीवाला नुकता झोपायला टेकतो. कारखान्यातून सुटल्यावर हातात पेन्शन नाही, म्हणून साठीतही कुठे वॉचमन, कुठे पार्सलचं काम सुरूच. बायकांचं तर आणखी अवघड. स्वतंत्र बॅच अन् महिला प्रशिक्षक नसेल, तर पन्नाशीची बाई पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरेल, ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून या पदकांकडे नुसती जिद्दीची गोष्ट म्हणून पाहू नये. जिद्द लागतेच. पण रोजचा एक मोकळा तास, परवडणारी फी अन् शिकवणारं माणूस, हे भांडवल आधी लागतं. ते ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यात जिद्द नाही असा निकाल देणं अन्याय आहे.

मागणी फार मोठी नाही. महापालिकेच्या तलावांत पन्नाशीपुढच्यांसाठी दुपारची वेगळी वेळ, बायकांसाठी महिला प्रशिक्षकासह बॅच, अन् साठीपुढे फीमध्ये सवलत. मत मागायला दारात येणाऱ्यांना रस्ता-गटारीबरोबर हेही विचारायला हरकत नाही. मराठी मंडळांनीही गणपतीच्या वर्गणीतून चार ज्येष्ठांची फी भरून पाहावी.

एक काळजी मात्र घ्या. विहिरीत पोहलो होतो म्हणून चाळीस वर्षांनी एकदम उडी टाकू नका. आधी बीपी, शुगर अन् हृदय तपासून घ्या, उथळ पाण्यापासून सुरुवात करा. पदक मिळो न मिळो, गुडघा हलता राहिला तरी पुष्कळ आहे.