गवंड्याची लेक आणि राजा लियर

‘कला ही जन्मजातच असावी लागते’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की, ते खरे की खोटे असा प्रश्नच आपल्याला पडत नाही. माझ्या मते ते अर्धे खोटे आहे. आणि त्यासाठी मी एकच साक्षीदार पुढे करते. इंग्लंडच्या रंगभूमीवरील व चित्रपटांतील थोर अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन!

लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे बर्कनहेड नावाचे गोदी-कामगारांचे गाव आहे. तेथे १९३६ साली त्यांचा जन्म झाला. वडील गवंडी, आई लोकांकडे साफसफाईची कामे करणारी. चार बहिणींत ग्लेंडा थोरली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या औषधांच्या दुकानात कामाला लागल्या. दोन वर्षे त्यांनी काउंटरमागे उभे राहून काढली. फावल्या वेळात हौशी नाटकांत कामे केली आणि १९५४ साली लंडनच्या ‘रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या संस्थेत शिष्यवृत्ती मिळवून प्रवेश घेतला.

येथे ‘अखेर कष्टाचे चीज झाले’ असे लिहून गोष्ट संपवता आली असती. परंतु चीज व्हायला आणखी दहा वर्षे होती. रूढ अर्थाने रूपवती नसल्यामुळे चाळिशीपर्यंत फारसे काम मिळणार नाही, असे त्यांना संस्थेतच सांगण्यात आले होते. लहान-मोठ्या गावांतील नाटक कंपन्या, मध्येच बेकारी, मिळेल ती नोकरी, पुन्हा नाटक, असे ते दशक गेले. १९६४ मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुक यांच्या ‘मारा/साद’ या नाटकात शार्लोट कोर्देच्या भूमिकेत त्या लंडनपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे प्रेक्षकांना त्यांचे नाव कळले.

पुढचे यश सर्वज्ञात आहे. ‘विमेन इन लव्ह’ (१९६९) आणि ‘अ टच ऑफ क्लास’ (१९७३) या चित्रपटांसाठी दोनदा ऑस्कर. दोन्ही वेळा बाई समारंभाला गेल्या नाहीत! त्या बाहुल्या त्यांच्या आईकडे असत आणि आईने घासून घासून त्यांचा मुलामा उडवला, असे त्या सांगत. मला मात्र ऑस्करपेक्षा ‘एलिझाबेथ आर’ ही १९७१ ची दूरदर्शन-मालिका अधिक मोलाची वाटते. सहा भागांत एका राजकन्येची वृद्ध राणी होते. या भूमिकेसाठी बाईंनी टोपाची पळवाट न शोधता कपाळावरचे केस खरोखर भादरून घेतले. गवंडी भिंत उभारताना ओळंबा लावतो, तसे हे आहे. भिंत सरळ हवी असेल तर ओळंबा लावावाच लागतो. त्यात थोर असे काही नाही, ते कामच आहे.

म्हणूनच १९९२ साली मजूर पक्षातर्फे निवडून येऊन त्या पार्लमेंटमध्ये गेल्या आणि अभिनय सोडला, याचे मला नवल वाटत नाही. कित्येकांना ती प्रतिभेची नासाडी वाटली. मला ते मान्य नाही. अभिनय हा ज्यांना मुकुट वाटतो, त्यांना तो डोक्यावरून उतरवता येत नाही. ज्यांना ते काम वाटते, त्यांना दुसरे काम अधिक गरजेचे वाटले तर पहिले खाली ठेवता येते. तेवीस वर्षे त्या खासदार होत्या. १९९७ ते १९९९ कनिष्ठ वाहतूक मंत्रीही होत्या. इराक युद्धावरून आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांवर त्यांनी टीका केली. २०१० ची निवडणूक त्या अवघ्या ४२ मतांनी जिंकल्या. हा काही मिरवण्याचा मामला नव्हता.

आणि मग २०१६! वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्या लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात परतल्या, त्या थेट ‘किंग लियर’मध्ये, स्वतः राजा लियर म्हणून! ज्या लियरच्या शोकांतिकेवरून शिरवाडकरांना १९७० मध्ये ‘नटसम्राट’ सुचले, तीच ही भूमिका. आपल्या रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रिया रंगवल्याचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. येथे एका वृद्धेने राजा उभा केला. पुढे २०१८ मध्ये ‘थ्री टॉल विमेन’साठी टोनी पुरस्कार, २०१९ मध्ये ‘एलिझाबेथ इज मिसिंग’मधील स्मृतिभ्रंश झालेली आजी. १५ जून २०२३ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्या वारल्या. मायकेल केन यांच्यासोबतचा त्यांचा अखेरचा चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. ‘साहित्य, नाटक हे खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचे नाद,’ असे नातेवाईक म्हणतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. ते हातांनी राबतात. कलेत राबणे असते हे त्यांना कोणी दाखवलेलेच नाही. कला ही देणगी आहे असे म्हटले की ती ज्यांना मिळाली ते भाग्यवान, आणि आपण नुसते टाळ्या वाजवायच्या! पण ती काम असेल तर ती शिकता येते, शिकवता येते, आणि शिकणाऱ्याच्या पोटाची सोयही पाहावी लागते. बर्कनहेडच्या मुलीला ती शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर औषधांच्या दुकानात एक चोख नोकर तेवढी वाढली असती आणि राजा लियर कोणाच्या ध्यानीमनीही आला नसता. अशा किती मुली काउंटरमागेच राहिल्या असतील? प्रतिभेची नासाडी म्हणायचीच असेल, तर ती मी याला म्हणेन.