नवा रंग, जुने पाईप

मंडळी, आज थोडं भांडायचंय. जुनी कॅम्पर व्हॅन दोन वर्षं खपून नटवायची आणि पहिल्याच फटक्यात हजार मैलांच्या प्रवासाला काढायची, हा शुद्ध अविचार आहे. त्याला 'ॲडव्हेंचर' म्हणणारे (यात माझे दोन-तीन जवळचे मित्रही आले) स्वतःलाच फसवतायत. झालं, बोललो एकदाचं.

इकडे बे एरियात ही साथ जोरात आहे. आपल्यासारखाच एखादा सॉफ्टवेअरवाला अख्खा बोनस ओतून सत्तरच्या दशकातली फोक्सवॅगन बस घेतो. तीच ती, गोल तोंडाची, मागे इंजिन, टप वर उचललं की झोपायची सोय. ही बस १९५० साली निघाली आणि १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी तिच्यात बिऱ्हाड थाटून देऊ लागली. मग काय, दुरंगी पेंट, लाकडी कपाटं, चौकड्याचे पडदे. आणि गाडी हातात आल्यावर पहिला बेत? लाँग वीकेंडला योसेमिटी, तिथून टायोगा पास चढून पलीकडे ३९५ हायवे. सोबत भारतातून आलेले आई-बाबा आणि मागे कारसीटमध्ये पोर.

अरे, शुक्रवारी संध्याकाळी एका ओळीचा बदल प्रॉडक्शनला टाकू देत नाही तुम्ही! आणि इथे ज्याचा प्रत्येक बोल्ट खोलून परत बसवलाय असा डबा, टेस्टिंग शून्य, थेट घाटात?

जरा आकडे बघू. १६०० सीसीचं इंजिन, नवं असताना पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षा कमी. टायोगा पास ३०३१ मीटर उंच आहे, आपलं कळसूबाई १६४६. दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद जाते, म्हणजे वर पोचेपर्यंत हातात उरतात पस्तीस घोडे, आणि त्यांच्या पाठीवर अख्ख्या घराचा संसार. शिवाय इंजिन हवेवर थंड होणारं. पंख्याचा वेग इंजिनच्या वेगावर ठरतो, त्यामुळे चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलं की हवा कमी आणि उष्णता जास्त. खालचा गिअर टाकून गुरगुरत जायचं असतं. हे अंगवळणी पडायला गाडी चालवावी लागते, व्हिडिओ बघून येत नाही. आणि काही बिनसलं तर सांगणारं कोण? डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नाही, ऑईलचा दिवा तेवढा आहे.

माझा खरा राग वेगळाच आहे. पैसा कुठे जातो बघा. इंजिनच्या भोवती पत्रा असतो आणि पत्र्याच्या कडेला एक रबरी सील असतं. ते खालची तापलेली हवा वर येऊ देत नाही. नसेल तर इंजिन स्वतःचीच गरम हवा परत ओढत राहतं. भारी पेंट मारलेल्या गाड्यांत मी हे सील चक्क गायब बघितलंय. कोणाच्या फोटोत येत नाही ना ते! वरून कीर्तन, आतून तमाशा.

पेट्रोलच्या पाईपचं तसंच. कापडाची वीण असलेले जुन्या पद्धतीचे पाईप आतून तडकतात आणि बाहेरून कळत नाहीत. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. टाकी इंजिनच्या अगदी शेजारी, मध्ये एक पत्रा. पाईप गळला तर थेंब पडतो तापल्या इंजिनवर, आणि या इंजिनचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. त्यानं पेट घेतला तर पाणी ओतून उलट भडकतो. एवढं सगळं असताना आग विझवायचं नळकांडं कुठे ठेवतात? मागच्या सीटखाली, इंजिनजवळ. आता बोला! ते ड्रायव्हरच्या हाताशी हवं.

टायरची नक्षी बघून 'अजून नवे आहेत' म्हणू नका. बाजूला चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच.

आणि उतार! टायोगाहून ली व्हायनिंगपर्यंत बारा मैलांत तीन हजार फुटांहून जास्त खाली. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १४० लाच उकळू शकतं. मग पेडल सरळ जमिनीला. आई-बाबा मागे बसून तेव्हाही खिडकीतून डोंगरच बघत असतील.

'पन्नास वर्षं चालली ना, मग चालेल' हा लाडका युक्तिवाद. नाही हो. पन्नास वर्षं चालली ती गाडी वेगळी होती. ही तुम्ही खोलून जोडलीत, हिचं वय शून्य मैल. इंजिन बांधून घेतलं असेल तर पहिल्या काहीशे मैलांतच ऑईल बदलायचं, टॅपेट परत बघायचे. पुढेही दर तीन हजार मैलांना टॅपेट सेटिंग आहेच.

म्हणजे गाडी गॅरेजात पुजून ठेवायची का? मुळीच नाही. त्या पुजाऱ्यांवर तर मी वेगळा लेख लिहीन. भरपूर चालवा, पण आधी घराभोवती. पन्नास मैल, परत. खाली पुठ्ठा टाकून बघा रात्रीत काय ठिबकलं. मग शंभर, मग समुद्राकाठी एक रात्र, घरून टो ट्रक मागवता येईल इतक्या अंतरावर. आणि हो, दोनपदरी रस्त्यावर मागे पाच गाड्या तुंबल्या की कॅलिफोर्नियात बाजूला घेणं कायद्यानं सक्तीचं आहे. ती सवयही याच फेऱ्यांत लागते.

टायोगा साधारण नोव्हेंबरपर्यंत उघडा असतो. आई-बाबांचा सहा महिन्यांचा मुक्काम आहे. लाँग वीकेंडला त्यांना घरच्या टोयोटातून न्या की, एसी पण आहे :-)