वाघाचा बांबू

मुंबईतल्या एका कलामेळ्यात जपानी बांबूकाम पाहून आलो. काम देखणं होतं, वादच नाही. चीड आली ती त्यापुढे माना डोलावणाऱ्या आपल्या लोकांची. ‘‘पोकळीसुद्धा विणलीय बघा,’’ एक बाई नवऱ्याला सांगत होत्या. चंद्रपूरचे बुरूड हीच पोकळी रोज विणतात. तिला टोपली म्हणतात, आणि रस्त्यावर अशाच बाई तिचे वीस रुपये पाडून मागतात.

जपान सरकारनं १९६७ साली शोनो शोउनसाई या बांबू विणणाऱ्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं. आम्ही काय ठरवलं? बांबू म्हणजे झाड! वनस्पतिशास्त्रात तो गवत. १९२७च्या वन कायद्यात मात्र झाड. एकदा झाड म्हटलं की तोडणारा चोर. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला हाच बांबू वर्षानुवर्षं सवलतीत मिळाला, तेव्हा तो ‘कच्चा माल’ होता. गावाला बांबूवर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६चा. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हातात स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना पडला २७ एप्रिल २०११ला, तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश जातीनं गावात आले तेव्हा. आणि शेताच्या बांधावरचा बांबू कायद्यानं पुन्हा गवत व्हायला २०१७ साल उजाडलं.

बांबूचं जे, तेच कोळशाचं. कोरियाचा ली बे लाकडी कोळशातून कला घडवतो. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरला त्याचा कोळशाचा उंच मनोरा उभा होता. आमच्या कोळसाखाणींच्या चंद्रपुरात अंगणात पांढरं धोतर वाळत घाला, कोळशाचं प्रदर्शन संध्याकाळपर्यंत तयार. उद्घाटनाला पाहुणाही लागत नाही.

पुन्हा बांबूकडे. जपानचे बांबूकलावंत तानाबे चिकुउनसाई चौथे यांनी २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बांबूचं प्रचंड शिल्प उभारलं. प्रदर्शन संपलं की ते वीण उकलतात आणि त्याच पट्ट्या पुढच्या कामात वापरतात. यावर आपले समीक्षक ‘अनित्यता’ वगैरे लिहितील. आमच्याकडे फाटक्या सुपाला जुन्याच कामट्यांनी काठ बांधला, तर त्याला दळिद्र म्हणतात.

चिकुउनसाईंचा तो बांबू जपानच्या कोची प्रांतातला. सालीवर वाघासारखे पट्टे, म्हणून नावही वाघ-बांबू. आमच्याकडे वाघ सालीवर नसतो, बांबूच्या बेटाच्या मागे बसलेला असतो. ताडोबाच्या भवतालच्या गावातला कुणी बांबूला गेला आणि परतला नाही, तर दारात आलेला साहेब घरच्यांना आधी हेच विचारतो: ‘‘जंगलात गेलाच कशाला?’’