झुलत्या बागांची घाई



संगणकावरील खेळांचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी दोनच गोष्टी सांगतात. डोळे बिघडतात आणि वेळ वाया जातो. दोन्ही खऱ्या आहेत. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा विचार नाही. मला लिहायचे आहे ते अशाच एका खेळातील एका चुकीविषयी. ही चूक गणिताची आहे आणि माझ्या पाहण्यात ती हुशार मुलेच अधिक करतात.

खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला हा खेळ मायक्रोप्रोझ या कंपनीने १९९१ साली बाजारात आणला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सातवी २०२५ साली आली. तुमच्यापैकी बहुतेकांनी नंतरच्या आवृत्त्या पाहिल्या असतील, पण हिशेब स्वच्छ दिसावा म्हणून मी पहिलीच आवृत्ती घेतो.

खेळ सुरू होतो इ. स. पू. ४००० मध्ये. तुमच्या हाती वसाहतकारांची एक टोळी असते. ती योग्य जागी थांबवली की तुमचे पहिले शहर वसते. शहरातील नागरिक आजूबाजूच्या जमिनीवर राबतात आणि त्यातून दर फेरीला धान्य, व्यापार आणि उत्पादन मिळते. उत्पादन मोजण्याचे एकक म्हणजे पडद्यावर दिसणारी छोटी ढाल. सैनिक असो, देऊळ असो की धान्याचे कोठार, प्रत्येकाची किंमत ढालींत ठरलेली. आणि सर्वांत महाग असतात ती आश्चर्ये: पिरॅमिड, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय, बॅबिलोनच्या झुलत्या बागा. अशी एकवीस आश्चर्ये या आवृत्तीत आहेत. प्रत्येक आश्चर्य साऱ्या जगात एकदाच बांधता येते. ज्याने आधी पुरे केले त्याचे ते झाले.

या एका नियमाने खेळाडूचे डोके फिरते. दुसरा कोणी बांधून टाकील या भीतीने तो राजधानी वसवल्याबरोबर आश्चर्य बांधायला घेतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी स्वतः पहिल्या कित्येक डावांत हेच केले आहे. एकदा तर पिरॅमिड पुरे व्हायला थोड्या फेऱ्या राहिल्या असताना शेजारच्या राज्याने ते पुरे केल्याची बातमी पडद्यावर झळकली आणि मी संगणक बंद करून चक्क झोपायला गेलो. दोष शेजाऱ्याला दिला होता, हे सांगायला नकोच.

आता वही-पेन्सिल घ्या. झुलत्या बागांची किंमत ३०० ढाली. समजा, एक शहर दर फेरीला ३ ढाली देते. राजधानीने एकटीनेच बागा बांधायच्या तर ३०० भागिले ३, म्हणजे १०० फेऱ्या लागतील.

दुसरा मार्ग असा. वसाहतकारांच्या टोळीची किंमत ४० ढाली, म्हणजे १४ फेऱ्या. राजधानीने आधी ती टोळी तयार केली, तर चौदाव्या फेरीला तुमची दोन शहरे झाली. (टोळी निघाली की शहराची लोकसंख्या एकाने घटते, टोळीला चालायला वेळ लागतो, नव्या शहराचे उत्पादन आधी कमी असते. या साऱ्या गोष्टी तूर्त बाजूला ठेवू. नंतर तुम्हीच त्या हिशेबात घाला.) दोन शहरे मिळून दर फेरीला ६ ढाली देतील, म्हणून बागांना ५० फेऱ्या पुरतील. १४ अधिक ५० म्हणजे ६४. छत्तीस फेऱ्या वाचल्या!

मग आणखी एकदा दुप्पट करू. अठ्ठाविसाव्या फेरीला चार शहरे, दर फेरीला १२ ढाली, बागांना २५ फेऱ्या, एकूण ५३. पुन्हा दुप्पट केली तर बेचाळिसाव्या फेरीला आठ शहरे, २४ ढाली, बागांना १३ फेऱ्या, एकूण ५५. आणखी एकदा दुप्पट करायला गेलो तर सोळा शहरे होईपर्यंतच छप्पन्नावी फेरी उजाडते. म्हणजे घाई करणे तोट्याचे, आणि फार वेळ नुसता विस्तार करत बसणेही तोट्याचे. मधे कोठेतरी सर्वांत लहान आकडा आहे. वरच्या वर्गांत कमाल आणि किमान मूल्ये काढायला शिकाल तेव्हा या आकड्यांचा आलेख काढून पाहा.

तुम्ही लगेच विचाराल की चार शहरांच्या ढाली एका शहरात पोहोचतात कशा? प्रश्न अगदी रास्त आहे. आश्चर्य एका शहरातच बांधले जाते. त्यासाठी व्यापाराची विद्या शिकावी लागते. ती आली की कोणतेही शहर ५० ढालींत व्यापारी तांडा तयार करते आणि तो तांडा आश्चर्य बांधणाऱ्या शहरात नेला की पूर्ण ५० ढाली तेथे जमा होतात. पण अर्धा तांडा पाठवता येत नाही! तीन ढालींच्या शहराला एका तांड्यासाठी १७ फेऱ्या लागतात. हे ध्यानात घेऊन पुन्हा मांडा. चार शहरांच्या मार्गात तीन शहरांचे पहिले तीन तांडे निघून पोहोचले तरी काम भागत नाही. दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागते आणि बागा ५३ ऐवजी ६२ व्या फेरीला पुऱ्या होतात. आठ शहरांच्या मार्गात मात्र उरलेल्या सात शहरांतून पहिल्याच खेपेत सात तांडे येतात. लागतात सहाच. ४२ अधिक १७ म्हणजे ५९. मघाशी दोन फेऱ्यांनी मागे पडलेला मार्ग आता तीन फेऱ्यांनी पुढे गेला. पूर्णांक किती खोडकर असतात ते पाहा.

यात आणखी एक बारकावा आहे. तांडे वेशीबाहेर थांबवून ठेवावेत. पुरेसे जमले की एकाच फेरीत सगळे आत घालावेत, म्हणजे आश्चर्य एकदम उभे राहते. आणि शर्यत हरलात तरी तांडे तुमचेच राहतात. दुसऱ्या आश्चर्याला कामी येतात.

इथवरचा हिशेब वेळेचा झाला. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. बागा बांधून मिळते काय? तुमच्या प्रत्येक शहरात एक जादा नागरिक समाधानी होतो. 'प्रत्येक शहरात' हे शब्द नीट वाचा. एका शहराच्या राजाने ३०० ढाली खर्चून एक माणूस खूश केला! तेच काम साधे देऊळ ४० ढालींत करते. देवळाच्या देखभालीला दर फेरीला एक नाणे लागते आणि बागांना लागत नाही, एवढाच काय तो फरक. चार शहरांत चार देवळे १६० ढालींत होतात. आठ शहरे असली की देवळांचा खर्च ३२० वर जातो आणि तेथून पुढे बागा स्वस्त पडू लागतात. म्हणजे ज्याला बागांची सर्वांत अधिक घाई असते, त्यालाच त्यांचा सर्वांत कमी उपयोग असतो.

हा नियम सगळीकडे चालतो असे मात्र मी म्हणणार नाही. पाचव्या आवृत्तीत (२०१०) ग्रंथालय बांधताच एक नवी विद्या फुकट मिळते आणि जास्त शहरे वसवली की प्रजेची नाराजी वाढते. तेथे एखादे आश्चर्य लवकर गाठण्यात शहाणपण असू शकते. लहान बेटावर अडकलेल्या खेळाडूलाही विस्तार करायला जागाच नसते. पण तो निर्णय हिशेबाने घ्यावा, भीतीने नव्हे.

खरा इतिहास काय सांगतो? बॅबिलोनच्या बागांचे काय करावे ते कळत नाही. त्या तेथे होत्या याचा पक्का पुरावा उत्खननात मिळालेला नाही. पिरॅमिडचे मात्र पुष्कळ समजले आहे. खुफू राजाच्या पिरॅमिडमध्ये सुमारे २३ लाख दगड आहेत आणि त्याची मूळ उंची जवळजवळ १४७ मीटर होती. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल्-जर्फ येथे पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसवर लिहिलेली एक रोजनिशी सापडली. ती मेरर नावाच्या मुकादमाची. त्याच्या हाताखाली सुमारे चाळीस माणसे होती आणि ती नाईलच्या पलीकडील तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड होड्यांतून गिझाला आणत. आजचा मुक्काम कोठे, दगड कोठे भरले, कोठे उतरवले, अशा साध्या नोंदी. गिझालाच मार्क लेनर यांनी कामगारांची वस्ती उकरून काढली आहे. तीत भाकऱ्या भाजण्याच्या भट्ट्या आहेत. आधी नाईलकाठची शेते, धान्याचा साठा, होड्या आणि हिशेब लिहिणारी माणसे, पिरॅमिड नंतर. खेळातील तांड्याचा नियम मला आवडतो तो यासाठी. मात्र मेररच्या माणसांचे हात-पाय खेळात कोठेच दुखत नाहीत, ही त्याची मोठी उणीव आहे. ढालींच्या चित्रामागे माणसे आहेत, हे पडदा सांगत नाही.

शिक्षकांना एक विनंती. हा खेळ वर्गात आणायला संगणक लागत नाही. फळा आणि खडू पुरे. मुलांचे चार गट करा. एका गटाने लगेच बांधायला घ्यावे, दुसऱ्याने एकदा दुप्पट करून, तिसऱ्याने दोनदा आणि चौथ्याने तीनदा. फेऱ्या फळ्यावर मोजा. खेळाला 'अभ्यास' म्हणून मिरवणाऱ्या मुलांना मी नेहमी विचारतो की तुझी वही कोठे आहे? तिच्यात आकडे नसतील तर तो नुसता खेळ. त्यालाही माझी हरकत नाही, पण मग तसे म्हणावे.

आणि मित्रहो, वर कंसात सोडून दिलेल्या गोष्टी आता तुमच्याकडे. नवे शहर पहिल्या दहा फेऱ्या दर फेरीला एकच ढाल देते आणि नंतर तीन, असे धरा. आश्चर्याची किंमत एकदा ३०० आणि एकदा ६०० घ्या. अर्धे तांडे चालणार नाहीत. किती शहरांवर थांबाल?